मका, वाळू आणि ऑक्लावाहा

‘पाडस’ या कादंबरीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, “पण ती आई फारच कठोर हो!” परवा हे पुन्हा कानावर पडलं आणि या वेळी ते मनातून जाईना. राम पटवर्धनांच्या मराठीतून ज्योडी बॅक्स्टर हा पोरगा आपल्याकडच्या कितीतरी घरांत कायमचा राहायला आला आहे. त्याने पाळलेलं पाडस, फ्लॅग, तर सगळ्यांना आठवतो, त्याच्या अंगावरच्या ठिपक्यांसकट. ज्योडीच्या बापाचा, पेनीचा, हळवेपणा आठवतो. आई, ओरी, मात्र आठवते ती बंदूक हातात घेतलेली, तेवढीच. आणि मका तर कुणालाच आठवत नाही. माझं म्हणणं असं, की मका विसरला की ते पुस्तक अर्धंच हातात उरतं. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांनी फ्लोरिडाच्या त्या चिमुकल्या नदीमुलखावर लिहिलेल्या बाकी पुस्तकांनाही हेच लागू आहे. तिथली माया, राग, भांडणं, सगळं कशाच्या तरी मापाला बांधलेलं असतं. किती पाणी, किती दाणा, किती लाकूड, किती थंडी.

ज्योडीचं ते एक वर्ष घरखर्चाच्या वहीसारखं मांडून पाहा. वसंतात ‘स्लूफूट’ हे म्हातारं अस्वल घरची विणारी डुकरीण मारतं. एक जनावर गेलं एवढ्यावर ते थांबत नाही, तिची पुढची सगळी वेतंच गेली. मग पेनीला रॅटलस्नेक डसतो. तो तिथल्या तिथे एक हरिणी मारून तिचं काळीज जखमेवर बांधतो, विष ओढून घ्यायला. पाडस पोरकं होतं ते असं, म्हणजे फ्लॅग घरात येतो तोच एका देण्यापोटी. पुढे दिवसचे दिवस कोसळणारं वादळ येतं आणि शेतात उभं असलेलं कुजतं. पुराच्या मागोमाग जंगलात रोग पसरतो, हरणं पटापट मरतात, म्हणजे ताटातलं मांस आटतं. भुकेले लांडगे गोठ्यापर्यंत येतात, वासरू जातं. नंतर झाडाचा बुंधा उपटताना पेनीच्या पोटात अंतर्गळ उतरते आणि घरातला एकमेव कर्ता पुरुष अंथरुणाला खिळतो. तंबाखूची रोपं फ्लॅगच्या खुरांखाली जातात, आणि तंबाखू म्हणजे त्या घरात रोख पैसा देणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी एक. इतकं सगळं झाल्यावर फ्लॅग मक्याचे कोंब खातो.

तो मका कुणाकुणाचा होता? माणसांची भाकरी त्याची, सीझर घोड्याचा दाणा त्याचा, ट्रिक्सी गाईचा, डुकरांचा, कोंबड्यांचा. मका गेला की दूध, अंडी, चरबी आणि नांगर असं सगळंच मागोमाग जातं. पेनी पहिल्यांदा पोराला संधी देतो. पुन्हा पेर म्हणतो, कुंपण वर चढव म्हणतो. ज्योडी एकट्याने लाकडाचे दांडे वाहून कुंपण उंच करतो आणि फ्लॅग ते सहज ओलांडतो. दोन्ही वेळा गेलं ते बी तेवढं नव्हे, पेरणीचे दिवसही गेले. मक्याला उभं राहून कणीस धरायला तीन महिन्यांच्या वर लागतात. पेरा पुढे ढकलला गेला की उन्हाळ्याची काहिली आणि अळी दोन्ही त्याच्यावर येतात. त्यानंतर “पाडसाला रानात ने आणि गोळी घाल” हे पेनीच सांगतो. तोच हळवा, पोराच्या बाजूचा बाप. बंदूक ओरीच्या हाती येते कारण पेनीला उठवत नाही. तिचा नेम नीट बसत नाही कारण शिकार हे तिचं काम कधीच नव्हतं. ज्योडीच्या आधी तिने कितीतरी मुलं पुरली आहेत, हे रॉलिंग्ज अगदी सुरुवातीला सांगून ठेवतात आणि आपण ते वाचून पुढे निघून जातो. जीव लावायला घाबरणारी बाई आणि कठोर बाई, यांत फरक आहे.

हा सगळा हिशेब इतका ताणलेला का, हे कळायला त्या जमिनीवर वाकून पाहावं लागतं.

ऑक्लावाहा ही उत्तरेकडे वाहणारी सव्वाशे किलोमीटरच्या आतली नदी. ती वेलाकाजवळ सेंट जॉन्स या मोठ्या नदीला मिळते. या दोन नद्यांच्या मधला उंचवटा म्हणजे ‘बिग स्क्रब’, आजचं ओकाला राष्ट्रीय अरण्य. ते १९०८ साली जाहीर झालं. माती म्हणावी असं तिथे काही नाही. धुतलेल्या साखरेसारखी पांढरी, जवळजवळ निव्वळ गारगोटीची वाळू. वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि वाळूतून सरळ खाली उतरतो. जाताना मुळांना हवं असलेलं खतही धुऊन नेतो. त्या वाळूवर सँड पाईन नावाचा बुटका पाईन आणि खुरटा ओक एकमेकांत गुंतून माजतात. सँड पाईनची बहुतेक बोंडं राळेने मिटलेली असतात. वणवा येऊन गेला की उघडतात आणि जळल्या जमिनीवर सगळं रान एकाच वयाचं उगवतं. म्हणूनच ते इतकं दाट आणि इतकं एकसुरी, आणि म्हणूनच त्यात माणूस दहा पावलांत दिशा हरवतो. मध्येच कुठे जमीन जरा बरी लागते. तिथे लांब सुयांचा उंच पाईन आणि थोडी रुंद पानांची झाडं येतात. अशा तुकड्याला तिथले लोक बेट म्हणतात. बॅक्स्टर राहतात ते असंच बेट, पॅट्स आयलंड नावाच्या खऱ्या जागेवरून घेतलेलं. लाँग नावाचं कुटुंब तिथे राहून गेलं. पाडस पाळून ते मारावं लागल्याची गोष्ट रॉलिंग्ज यांना याच रानातल्या माणसांकडून मिळाली.

इतका पाऊस पडूनही बॅक्स्टरांच्या घरी विहीर नाही. पाणी आणायचं ते चुनखडीचं छत खचून झालेल्या खोल खड्ड्यातून, त्याच्या काठाकाठाने झिरपणारं. प्यायचं वेगळं, कपड्यांचं वेगळं, जनावरांचं वेगळं. विहिरीचं आश्वासन ओरी लग्नापासून ऐकते आहे. कोकणातल्या वाचकाला हे समजवायला नको. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर कोसळून एप्रिलमध्ये जांभ्याच्या सड्यावर डोक्यावरून हंडे वाहणाऱ्या बायकांना ओरीचा त्रागा पहिल्या पानापासून कळेल. स्क्रबमध्ये वाळूतून खाली गेलेलं हे पाणी चुनखडीच्या पोकळ्यांत साठतं आणि नदीकाठाला झऱ्यांच्या रूपाने वर उसळतं, वर्षभर बावीस-तेवीस अंशांचं, तळाची शिंपली मोजता यावी इतकं नितळ. सिल्व्हर स्प्रिंग्ज हा या भागातला मोठा झरा. एके काळी त्यातून दिवसाला सुमारे दोन अब्ज लिटर पाणी येत असे. काठावर इतकं पाणी आणि उंचवट्यावर घोटभराची मारामार, या दोन टोकांमध्ये बॅक्स्टरांचं घर उभं आहे.

पुस्तकाच्या सुरुवातीला ज्योडी झऱ्याच्या ओहोळात पाणचक्की करतो. ते पान मी फार सावकाश वाचावं म्हणतो, कारण ते जसंच्या तसं करून पाहता येतं. इंग्रजी वायच्या आकाराच्या दोन बेचक्या कापायच्या. आस म्हणून रानचेरीची काडी घ्यायची, कारण ती सरळ, गोल आणि गुळगुळीत असते. तिला गाठ असली की बेचक्यात अडकते आणि चक्की थबकते. पामच्या झावळीच्या दोन पट्ट्या घ्यायच्या, मध्ये काडी जाईल एवढी चीर द्यायची आणि काडीवर त्या एकमेकींना कोन करून बसवायच्या. बेचक्या ओहोळाच्या वाळूत खोल रोवायच्या. पाणी वीतभरही खोल नसलं तरी चालतं, ओढ मात्र एकसारखी हवी. खरी मेख उंचीत आहे. पट्टीचं टोक पाण्याला नुसतं चाटून गेलं पाहिजे. जास्त बुडलं तर पाणी पट्टीला धरून ठेवतं, वर राहिलं तर तिला स्पर्शच होत नाही. ज्योडी बेचक्या खालीवर करत राहतो, काडी ठेवतो, ती हलत नाही, तो बोटाने जरा फिरवतो, आणि मग एकेक पाते पाणी उचलू लागते. वर्षभराने, फ्लॅगनंतर, तो पुन्हा अशीच चक्की करतो. ती फिरते. त्याला मात्र तिच्यात काही गोडी वाटत नाही. रॉलिंग्ज यांनी या दुसऱ्या वेळी फारसं भाष्य केलेलं नाही. पहिली चक्की इतक्या बारकाईने बांधून दाखवली होती की दुसरीला शब्द खर्चायची गरजच उरली नाही.

रॉलिंग्ज या मुलखातल्या नव्हत्या. उत्तरेकडे वर्तमानपत्रांत काम करणारी ही बाई १९२८ साली नवऱ्यासह क्रॉस क्रीकला आली. ऑरेंज लेक आणि लॉकलूसा या दोन तळ्यांना जोडणाऱ्या ओढ्याजवळची सुमारे ७२ एकरांची संत्र्याची बाग त्यांनी घेतली. काही वर्षांत घटस्फोट झाला, बाग आणि टाइपरायटर उरले. स्क्रबमधल्या कुटुंबांत मुक्काम करून त्यांनी शिकारीपासून चुलीपर्यंत सगळं पाहिलं, वहीत शब्द टिपले. स्क्रिब्नर्स या प्रकाशनाचे संपादक मॅक्सवेल पर्किन्स यांनी स्क्रबमधल्या एका मुलावर लिहा म्हणून त्यांच्यामागे लकडा लावला. ‘द यर्लिंग’, म्हणजे मूळ ‘पाडस’, १९३८ साली निघालं, त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यांत जास्त खपलं आणि १९३९ सालचा पुलित्झर पुरस्कार घेऊन गेलं.

पण या मुलखात नीट शिरायचं तर त्याआधीचं पुस्तक घ्यावं, १९३३ सालचं ‘साउथ मून अंडर’. ते ऑक्लावाहाच्या काठावरचं आहे आणि त्यात हातभट्टी लावणाऱ्या लँटची गोष्ट आहे. नाव चंद्रावरून आलेलं. तिथल्या शिकाऱ्यांच्या मते हरणं चरायला उठतात आणि मासे गळाला येतात ते दिवसातल्या चार वेळांना: चंद्र उगवताना, डोक्यावर असताना, मावळताना, आणि चौथी वेळ म्हणजे चंद्र पृथ्वीच्या बरोबर खाली असताना. पहिल्या तीन वेळा आकाशात बघून कळतात, चौथी मात्र दिसत नाही. न दिसणारा चंद्र जनावरांना कसा कळतो, याचा विस्मय पुस्तकभर पसरला आहे. ऑक्लावाहाच्या पाण्यात पानांचा अर्क उतरलेला असतो, त्याचा रंग कोऱ्या चहाचा. दोन्ही बाजूंना सायप्रसचं दलदलीचं रान. भट्टी तिथेच लागते, कारण वाफ थंड करायला गार पाणी हाताशी हवं, धूर लपवायला झाडं हवीत आणि माल काढायला होडी हवी. मक्याचा भरडा आणि साखर पाण्यात घालून पिंपात आंबवायची, तांब्याच्या हंड्यात तापवायची, वाफ थंड पाण्यातल्या वेटोळ्या नळीतून न्यायची. गोव्यात काजूची भट्टी पाहिलेल्याला हे ओळखीचं वाटेल. जाळ वाढला की आंबवण उतू जाऊन नळीत शिरतं आणि सगळा माल गढूळ होतो. पण लँटच्या धंद्याला खरा धोका जाळाचा नसतो, नातेवाइकाच्या जिभेचा असतो.

सायप्रसच्या लाकूडतोडीचंही असंच आहे. ओला सायप्रस पाण्यात बुडतो. म्हणून झाडाच्या बुडाशी साल आणि खालचं कोवळं लाकूड छेदणारी कंकणासारखी खाच घ्यायची आणि झाड काही महिने उभंच वाळू द्यायचं. पाणी चढलं की तोडायचं, ओंडके बांधून तराफा करायचा. घाई केली तर ओंडका तळाला जातो. शंभर वर्षांपूर्वी असे बुडालेले ओंडके फ्लोरिडाच्या नद्यांतून आजही काढले जातात, आणि लाकूड आतून टणक निघतं.

१९४२ सालचं ‘क्रॉस क्रीक’ कादंबरी नाही, स्वतःच्या बागेचं आणि शेजाराचं पुस्तक आहे. त्यातला संत्र्यांवरचा भाग मला फार मोलाचा वाटतो. १८९४-९५च्या हिवाळ्यात दोनदा आलेल्या कडाक्याने उत्तर फ्लोरिडाच्या बागा जवळजवळ संपल्या आणि संत्र्याचा धंदा दक्षिणेला सरकला. क्रॉस क्रीक टिकलं ते दोन तळ्यांच्या उबेवर. पारा शून्याखाली दोन अंशांच्या आसपास तासन् तास राहिला की फळ आतून गोठतं, आणखी उतरला तर झाडाचं लाकूडही तडकतं. उपाय म्हणजे झाडांच्या ओळींमध्ये राळेने भरलेल्या पाईनच्या लाकडाचे ढीग रचून ठेवायचे आणि वेळ पाहून पेटवायचे. लवकर पेटवले तर लाकूड पहाटेच्या आत संपतं, आणि सगळ्यांत जास्त गारठा सूर्य उगवायच्या जरा आधीच असतो. उशीर केला तर फळ आधीच गेलेलं. वारा असेल तर ऊब बागेत थांबत नाही, मग जाळ लावून उपयोग नाही. म्हणून रात्रभर तापमापकाकडे बघत बसायचं. द्राक्षांसाठी थंडीत शेकोट्या पेटवणाऱ्या नाशिककडच्या बागायतदाराला ही रात्र परकी वाटणार नाही.

याच पुस्तकात सेंट जॉन्सवरच्या प्रवासाचं प्रकरण आहे. १९३३ साली रॉलिंग्ज आणि त्यांची मैत्रीण डेसी स्मिथ लहान होडीतून शेकडो मैल गेल्या. सेंट जॉन्स सुमारे पाचशे किलोमीटर लांब, आणि एवढ्या लांबीत तिचा उतार नऊ मीटरही नाही. वरच्या अंगाला तर ती दलदलीत पसरते, कुठलं पाणी नदीचं आणि कुठलं साचलेलं, कळत नाही. नकाशा निरुपयोगी. तिथे वाट दाखवते ती जलपर्णी. तरंगणारे झुबके जिकडे हळूच सरकतात तिकडे प्रवाह, जिथे नुसते उभे राहतात तिथे डबकं. मराठी वाचक इथे थबकतोच. मुळा-मुठा, पंचगंगा आणि उजनीमध्ये आपण ज्या जलपर्णीला शिव्या देतो, तीच दक्षिण अमेरिकेतून आलेली वनस्पती. सेंट जॉन्समध्येही ती १८८०-९०च्या दशकांत घुसली आणि आगबोटींची वाट अडवून बसली. रॉलिंग्ज तिचा उपद्रव झाकत नाहीत, पण तिच्याकडून दिशा विचारायला लाजतही नाहीत.

१९४२ सालीच निघालेलं ‘क्रॉस क्रीक कुकरी’ लोक पाककृतींसाठी घेतात. मी ते जमिनीच्या पुस्तकासारखं वाचावं म्हणेन. त्यात मगरीच्या शेपटीचं मांस आहे, डोरा नावाच्या गाईच्या सायीचं आइस्क्रीम आहे. पामच्या गाभ्याची भाजी आहे. झाड पाडून बाहेरचे थर सोलत आतल्या हस्तिदंती गाभ्यापर्यंत यायचं. एक थर कमी सोलला तर भाजी कडू आणि चिवट होते. एका जेवणासाठी एक झाड जातं, कारण शेंडा काढलेला हा पाम पुन्हा फुटत नाही.

‘क्रॉस क्रीक’ने त्यांना मोठं दुखणंही दिलं. शेजारच्या झेल्मा केसन यांचं वर्णन त्यांनी रागावलेल्या, कामसू कॅनरी पक्ष्याची उपमा देऊन केलं होतं. केसन यांनी १९४३ साली खाजगीपणाच्या हक्कावरून दावा लावला. १९४६ साली गेन्सव्हिलच्या ज्यूरीने रॉलिंग्ज यांच्या बाजूने कौल दिला. १९४७ साली फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून भरपाई ठरवली एक डॉलर. त्यानंतर रॉलिंग्ज यांनी क्रॉस क्रीकवर पुस्तक लिहिलं नाही. माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. शेजाऱ्यांशिवाय ते पुस्तक झालंच नसतं, आणि त्या शेजाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. घरात राबणाऱ्या कृष्णवर्णीय माणसांबद्दलची त्यांची पानं तर आज वाचताना बोचतात. प्रेम आहे, पण मालकिणीचं आहे. म्हणून ‘क्रॉस क्रीक’शेजारी त्यांच्या घरी काम करणाऱ्या इडेला पार्कर यांची १९९२ सालची आठवणींची वही ठेवलीच पाहिजे. कुकरीमधल्या कितीतरी पदार्थांमागे त्यांचे हात होते. झोरा नील हर्स्टनसारखी कृष्णवर्णीय लेखिका पाहुणी म्हणून आली, तरी तिला रात्री नोकरांच्या खोलीत इडेलांबरोबर झोपावं लागलं, हे आपल्याला इडेला सांगतात.

याच पाण्यावरचं एक जुनं पुस्तक वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बार्ट्रम यांचं, १७९१ सालचं. १७७४ साली ते एकट्याने सेंट जॉन्सवर होडी वल्हवत होते आणि मगरी होडीवर चालून येत होत्या. त्यांनी केलेलं उसळत्या झऱ्यांचं वर्णन इंग्रज कवी कोलरिजच्या कवितेत जाऊन पोहोचलं. रॉलिंग्ज वाचून झाल्यावर बार्ट्रम घ्यावेत. आधी घेतले तर झऱ्यांची भूल पडते आणि मग वाळूकडे लक्ष जात नाही.

नकाशा समोर ठेवून वाचणार असाल तर एक सांगायलाच हवं. फ्लोरिडाच्या आरपार मालवाहू कालवा काढायचं काम १९६४ साली सुरू झालं आणि १९६८ साली ऑक्लावाहावर रॉडमन धरण उभं राहिलं. जलाशयासाठी सायप्रसचं रान कापत बसले नाहीत. भलं मोठं यंत्र फिरवून झाडं चिखलात दाबली. नदीचा सुमारे २६ किलोमीटरचा पट्टा आणि वीसेक झरे पाण्याखाली गेले. पर्यावरण कार्यकर्त्या मार्जोरी हॅरिस कार आणि त्यांच्या सोबत्यांनी लढा दिला, जानेवारी १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कालव्याचं काम थांबवलं. कालवा झालाच नाही, धरण मात्र तसंच राहिलं. मॅनेटी या पाणगाईंची वर यायची वाट अडते, मासे अडतात. ते पाडावं की ठेवावं, हा वाद अजून चालू आहे. मासेमारीवर पोट असलेले तिथले लोक ठेवा म्हणतात, आणि त्यांचंही ऐकून घेतलं पाहिजे. पाणवनस्पती आटोक्यात राहाव्यात म्हणून दर तीन-चार वर्षांनी जलाशयाची पातळी उतरवतात, तेव्हा बुडालेले बुंधे उघडे पडतात आणि गाडले गेलेले झरे काही आठवडे पुन्हा वाहतात. म्हणून ‘साउथ मून अंडर’साठी नकाशा १९६८च्या आधीचा शोधावा. आजच्या नकाशावर युरेका या गावाच्या पुढे, प्रवाहाच्या दिशेने, नदीच्या जागी फुगलेलं पाणी दिसतं आणि लँटची होडी कुठून कुठे गेली, ते जुळत नाही. ‘पाडस’साठी मात्र आजचा नकाशा चालतो. पॅट्स आयलंड स्क्रबच्या पूर्व अंगाला, लेक जॉर्जच्या बाजूला आहे आणि तिथे पाणी चढलं नाही. राज्यमार्ग १९ वरून निघणारी पायवाट लाँग कुटुंबाच्या दफनभूमीजवळून पाण्याच्या त्या खोल खड्ड्यापाशी नेते. खड्ड्याच्या काठावरून ज्योडीच्या घराच्या जागेपर्यंत चढ किती आहे, हे पाहून घ्यावं. भरलेल्या बादल्या घेऊन तो चढ रोज चढायचा होता.